पऱ्हाटीचा कोळसा आणि हजार वर्षांची हमी

महाशिवरात्रीच्या सुमारास गावाहून पुतण्या आला. येताना नेहमीप्रमाणे तुरीची डाळ आणली, आणि डाळीच्या जोडीला आणखी एक पिशवी. आमच्या सौ.नी ती डाळीचीच समजून ओट्यावर उपडी केली, आणि पुढचा अर्धा तास ओटा पुसण्यात गेला! आत कोळसा होता. शेतातली पऱ्हाटी खड्ड्यात जाळून त्याने स्वतः केलेला. (पुण्या-मुंबईच्या नातलगांसाठी: कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडे उभी राहतात ती पऱ्हाटी.) या कोळशाला हल्ली बायोचार म्हणतात.

"काकाजी, कंपनीवाले म्हणून राहिले का हा कोळसा जमिनीत हजार वर्षं राहते. त्याचे पैसे भेटते म्हणे. कागद आणला आहे. तुम्ही वाचून सांगा, सही करू का नको?"

घरात एक मास्तर असला की घराण्यातले सगळे कागद त्याच्याकडे येतात, तो निवृत्त होऊन कितीही वर्षे झाली असोत. मी मराठी माध्यमाचा बी.ए. मराठी आणि इतिहास शिकवण्यात हयात गेली. रसायनशास्त्र मॅट्रिकपर्यंत होते, तेही काठावर. पण कागद बघितला आणि राहवले नाही. इंग्रजीत आठ पाने आणि मराठीत एक. मराठी पानावर ठळक अक्षरात लिहिले होते, 'हजार वर्षे टिकणारा कार्बन'. इंग्रजी पानांवर हजाराचा आकडा कुठेच सापडेना. तिथे शंभर वर्षांचा हिशेब होता, आणि तोही 'उत्पादनाच्या पद्धतीनुसार ठरेल' असा.

एकाच कराराच्या दोन भाषांत नऊशे वर्षांचा फरक! मग मी त्याला म्हटले, थांब, पंधरा दिवस दे. पंधराचे चाळीस झाले. नातीने शोधनिबंध काढून दिले, अडले तिथे अर्थ सांगितला, आणि मी वहीत टिपणे काढत बसलो. त्यातून जे कळले आणि जे मत झाले ते आज लिहितो आहे. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

मूळ कल्पना सोपी आहे. झाड हवेतला कार्बन घेऊन वाढते. ते कुजले किंवा जळले की बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो. तेच झाड हवा कमी ठेवून भाजले, तर साधारण निम्मा कार्बन कोळशाच्या रूपाने हातात राहतो, आणि हा कोळसा कुजायला फार वेळ लागतो. तो जमिनीत मिसळला की तेवढा कार्बन हवेतून बाहेर ठेवला असे मानतात. त्याची पावती कुणी कंपनी विकत घेते, आपल्या धुराच्या हिशेबात वजा करायला. हे आता दूरदेशीचे राहिलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने भारतातल्या वराह नावाच्या कंपनीकडून अशा १ लाख टनांचा करार केला. (पुतण्याचा कागद दुसऱ्याच कुणाचा आहे. त्यांचे नाव इथे घेत नाही.)

आता कोळसा टिकतो हे इतिहासाच्या मास्तराला वेगळे सांगायला नको. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीत जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे मिळाले. तो दाणा भाजला नसता तर त्या पावसाळ्यातच कुजला असता. तिकडे ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलात 'टेरा प्रेटा' म्हणजे काळी माती आहे. तिथल्या मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षे चुलीतला कोळसा, हाडे, खापऱ्या, घाण टाकून ती तयार झाली. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुक यांनी १९६६ मध्ये तिच्यावर लिहिले आणि नंतर जगभर तिची चर्चा झाली. बायोचारची प्रत्येक जाहिरात या काळ्या मातीपासून सुरू होते. पुतण्याच्या कागदावरही तिचे चित्र होते.

पण इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी जे शिकवतात ते आठवले. उत्खननात जे उरले तेच सापडते. इनामगावच्या माणसांनी किती चुली पेटवल्या, त्यातला किती कोळसा अर्धवट भाजलेला होता आणि तो कधी मातीत विरून गेला, याची नोंद कुणाकडे असणार? उरलेला दाणा इतकेच सांगतो की काही कोळसा तीन हजार वर्षे टिकू शकतो. सगळा टिकतो असे तो सांगत नाही. दगडी वाडे पाहून जुन्या काळी सगळी घरे दगडीच होती असे म्हणण्यासारखे ते होईल.

मग कोणता टिकतो? याचे उत्तर भट्टीत आहे.

नातीने समजावले ते माझ्या भाषेत सांगतो. शाळेच्या मैदानात मुले हात धरून साखळी करतात ना, तसे कार्बनचे अणू सहा-सहांची कडी करतात. आच मंद असेल, साडेतीनशे-चारशे अंशांच्या आसपास, तर दोन-चार कड्यांचे लहान लहान घोळके होतात आणि पुष्कळांचे हात मोकळे राहतात. त्या मोकळ्या हातांत हायड्रोजन नाहीतर ऑक्सिजन असतो. मातीतले जिवाणू तिथूनच शिरकाव करतात. आच सहाशेच्या वर गेली की घोळके एकमेकांना जोडले जाऊन मोठ्ठी जाळी होते, मोकळे हात फक्त कडेला उरतात. मग जिवाणूंना धरायला जागा कमी. म्हणून प्रयोगशाळेत कोळशातल्या कार्बनच्या मानाने हायड्रोजन किती ते मोजतात. दर कार्बन अणूमागे हायड्रोजन ०.७ च्या वर असेल तर युरोपातल्या प्रमाणपत्रासाठी तो बायोचारच धरत नाहीत. ०.४ च्या खाली असेल तर उत्तम.

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने (आयपीसीसी) २०१९ मध्ये हिशेबासाठी आकडे दिले. ३५० ते ४५० अंशांवर केलेल्या कोळशातला ६५ टक्के कार्बन शंभर वर्षांनी शिल्लक धरायचा, ४५० ते ६०० वर केला तर ८० टक्के, आणि ६०० च्या वर ८९ टक्के. म्हणजे तीच पऱ्हाटी, तेच शेत, तेच कष्ट, पण मंद आचेवर शंभर वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त परत हवेत.

यातला मला सर्वांत जवळचा वाटलेला प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या भूपिंदर पाल सिंग आणि सहकाऱ्यांचा, २०१२ सालचा. जवळचा अशासाठी की त्यांनी घेतलेली माती आपल्या काळ्या रेगुरच्या जातीची, भेगा पडणारी चिकण होती. निलगिरीचे लाकूड, पाने, कोंबडीखत, शेण, कागद गिरणीचा गाळ असे पाच प्रकारचे पदार्थ ४०० किंवा ५५० अंशांवर भाजून त्यांनी अकरा कोळसे केले, मातीत मिसळले आणि पाच वर्षे मोजत राहिले. पाच वर्षांत कुठल्या कोळशातला अर्धा टक्का कार्बन उडाला, कुठल्यातला जवळजवळ नऊ टक्के. त्यावरून काढलेले सरासरी आयुष्य ९० वर्षांपासून १६०० वर्षांपर्यंत! लाकडाचा आणि जास्त आचेचा कोळसा वरच्या टोकाला, शेणाखताचा आणि मंद आचेचा खालच्या. दोघांचेही नाव बायोचारच. शिवाय हा प्रयोग २० अंश तापमानाला झाला. आमच्या यवतमाळची जमीन वर्षभर त्याहून गरमच असते. आणि उष्णतेत कोळसा लवकर झिजतो. अमेरिका-कॅनडात जुन्या लोखंडाच्या भट्ट्यांपाशी साधारण १३० वर्षे पडून असलेला कोळसा तपासला, तेव्हा जिथे हवा उष्ण तिथे त्याच्या अंगावर ऑक्सिजनचा परिणाम जास्त दिसला.

हजार वर्षांचा दावा मात्र अगदीच हवेतला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. डेन्मार्कच्या आऱ्हुस विद्यापीठातले हामेद सानेई यांनी २०२४ मध्ये भूगर्भातला दगडी कोळसा तपासतात त्या रीतीने बायोचार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पुरता भाजलेला कोळसा प्रकाश जास्त परावर्तित करतो. ठरावीक मर्यादेच्या वर चकाकणारा बायोचार खडकातल्या सर्वांत चिवट कोळशासारखा असतो आणि फार फार काळ टिकावा, असे त्यांचे म्हणणे. पण यातली अट बघा. 'पुरता भाजलेला'. कागदावर हजार आले आणि अट गळाली.

आता पुतण्याच्या पिशवीकडे येतो. एक घरगुती परीक्षा वाचनात आली होती. कोळसा चिमटीत चुरगाळून हाताला चोळायचा आणि नुसत्या पाण्याने हात धुवायचा. चांगला भाजलेला असेल तर काळेपणा पाण्याने निघून जातो. कच्चा असेल तर तेलकट, डांबरट थर राहतो आणि साबण लागतो. मी चोळला. दोनदा साबण लावला तरी बोटांच्या रेषा काळ्याच. तुकड्यांना धुराचा वास होता, मोडला तर आत तपकिरी. लहानपणी इस्त्रीत घालायचे बाभळीचे कोळसे कसे एकमेकांवर आपटले की खणखण वाजत! हे तुकडे नुसते बद्द करीत.

"पऱ्हाटी ओली होती का रे?" मी फोनवर विचारले. होती. अवकाळी पाऊस येऊन गेला होता, आणि कंपनीचा माणूस म्हणाला चालते, खड्डा भरून टाका.

चूक त्या खड्ड्याची नाही, हेही सांगतो. उघड्या तोंडाच्या शंकूसारख्या भट्टीत उत्तम कोळसा होतो. स्वित्झर्लंडमधले हान्स-पीटर श्मिट यांनी २०१४ च्या सुमारास 'कॉन-टिकी' नावाची अशी भट्टी लोकांसमोर आणली. काडी थोडी थोडी टाकत राहायची, वर ज्वाळेचा पडदा टिकवायचा. तो पडदा हवा खाऊन टाकतो आणि खालचा कोळसा वाचतो. आत साडेसहाशे-सातशे अंश सहज होतात. शेवटी भरपूर पाणी नाहीतर माती टाकून विझवायचे. पण यासाठी काडी खडखडीत वाळलेली हवी आणि समोर माणूस हवा, भाकरी भाजताना तव्यासमोर हवा तसा. ओला माल एकदम भरला की ज्वाळा मरते आणि धूर होतो. त्या धुरात मिथेनही असतो, म्हणजे ज्या दुखण्यावर औषध म्हणून हा खटाटोप, तेच वाढवायचे.

मराठी पानावरचा दुसरा दावा असा: 'शेणखत व गोमूत्राची प्रक्रिया केल्याने बायोचारचे आयुष्य वाढते.' पुतण्या हे मनापासून करतो. कोळसा शेणखताच्या ढिगात महिना-दोन महिने ठेवतो, गोमूत्र शिंपडतो. पिकासाठी ते चांगलेच आहे. कंपोस्टबरोबर मुरलेल्या कोळशाच्या छिद्रांत सेंद्रिय पदार्थांचा पातळ थर बसतो आणि तो नत्र धरून ठेवतो, हे जर्मनीतल्या अभ्यासांत २०१५ आणि २०१७ मध्ये दिसले आहे. कोरा कोळसा टाकला तर उलट तोच सुरुवातीला मातीतले नत्र धरून बसतो आणि पीक पिवळे पडते. पण या मुरवण्याने कच्चा कोळसा पक्का होत नाही. आतली जाळी भट्टीत जशी विणली गेली तशीच राहते. लोणचे कितीही मुरले तरी कैरी मुळात कोणती होती ते बदलत नाही, तसे.

वाफेने किंवा आम्लाने कोळसा 'सक्रिय' करण्याचेही तेच. पाणी गाळायच्या यंत्रात असतो तो सक्रिय कोळसा. आठ-नऊशे अंशांवर वाफ सोडून छिद्रे पाडायची म्हणजे काही कार्बन जाळूनच पाडायची. उरलेला चिवट असतो, पण उरतो कमी. शेवटच्या तुकड्याचे आयुष्य मोजून जाहिरात करायची आणि वाटेत किती उडाला ते सांगायचे नाही, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात?

भाजण्याआधीच्या एका संस्काराचा मात्र खरा उपयोग दिसतो. एडिनबरा विद्यापीठातल्या ओंद्रे मॅशेक आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की भाजण्याआधी मालात पोटॅशियमचा क्षार मिसळला तर कार्बन साठवण्याची क्षमता ४५ टक्क्यांपर्यंत वाढते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम असतेच, आणि आपल्याकडे चुलीची राख फुकट. शेतावर हे कितपत जमेल ते एखाद्या कृषी विद्यापीठाने करून बघावे असे मला वाटते.

आणि एक गोष्ट पुतण्याला सांगताना जड गेली. त्याला वाटत होते की पैसे मिळोत न मिळोत, पीक तरी वाढेल. उष्ण प्रदेशात बायोचारने उत्पन्न सरासरी २५ टक्के वाढल्याचा २०१७ चा आढावा आहे, तो कागदावरही छापला होता. पण त्या आढाव्यातली जमीन मुख्यतः आम्लधर्मी आणि निकस. तिथे कोळसा चुन्यासारखे काम करतो. आमची काळी जमीन मुळातच अल्कधर्मी. तिला चुना कशाला हवा? कोकणातल्या तांबड्या जमिनीला लागू पडेल ते यवतमाळला पडेलच असे नाही.

यावर माझी नात म्हणाली, "आजोबा, नाहीतरी ते पऱ्हाटी उघड्यावर जाळतातच ना? बोंडअळीसाठी शेत साफ करावंच लागतं. मग कोळसा शंभर काय, पन्नास वर्षं राहिला तरी फायदाच." खरे आहे. पुतण्याने स्वतःच्या शेतासाठी केला असता तर मीही हेच म्हटले असते, आणि कच्चा-पक्का बघत बसलो नसतो. पण इथे पावती विकली जाते आहे. ती घेणारा म्हणतो, मी एक टन धूर सोडला आणि यवतमाळच्या शेतात एक टन गाडला, फिटंफाट. त्याने सोडलेल्या धुराचा काही भाग हजारो वर्षे हवेत राहणार आहे. आमचा कोळसा नव्वद वर्षांत निम्म्याहून जास्त विरला, तर फिटंफाट कशी झाली? उसनवारी झाली. आणि उद्या कुणी तपासायला आले तर सही पुतण्याची असणार, खड्डा भरा म्हणणाऱ्याची नव्हे. इंग्रजी पानावर एक कलम आहेच, माल निकृष्ट निघाल्यास दिलेली रक्कम परत घेण्याचे. मराठी पानावर ते नाही.

माझे मत असे झाले आहे की 'बायोचार' या नावावर पैसे देणे बंद व्हावे. प्रत्येक खेपेचा नमुना तपासावा, हायड्रोजनचे प्रमाण काढावे, किती अंशांवर भाजला ते लिहावे आणि तेवढीच वर्षे विकावीत. कमी भरली तर कमी पैसे, पण आधीच सांगून. तपासणीचा खर्च पावती विकणाऱ्याने करावा. आणि शेतकऱ्याला मजुरी भाजण्याची द्यावी, वाळवण्यासकट. हजार वर्षांची जोखीम त्याच्या डोक्यावर नको. दोन एकर कापूस करणाऱ्या माणसाला पुढच्या जूनची खात्री नसते.

सही अजून केलेली नाही. मी कंपनीला पत्र लिहिले, चांगले सुवाच्य अक्षरात: मराठी पान इंग्रजी पानांशी जुळवा, परतफेडीचे कलम काढा किंवा मराठीतही ठळक छापा, आणि भट्टीवर तापमापक द्या. त्यांच्या माणसाचा फोन आला. फार आदबीने म्हणाला, "सर, तुमचे पॉइंट नोट केले आहेत." लेखी उत्तर नाही.

पुतण्याने मात्र त्या फोनची वाट पाहिली नाही. उरलेली पऱ्हाटी त्याने गोठ्याच्या पत्र्याखाली रचून वाळत घातली होती. परवा सकाळी दोन माणसे घेऊन, थोडी थोडी टाकत, तीन तासांत एक खड्डा केला. म्हणाला, धूर जवळजवळ नव्हताच, आणि विझवायला आठ घागरी पाणी लागले. त्याची पिशवी एस.टी.ने यायची आहे. यावेळी हिने बजावून ठेवले आहे, ओट्यावर नको, अंगणात नळाखाली बसून काय ते हात धुवा.